कविवर्य वर्डस्वर्थ : डोंगरांच्या शाळेतला विद्यार्थी

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी इंग्रजी शाळेत चार इयत्ता काढल्या असतील त्यांस वर्डस्वर्थ हे नाव अगदीच अपरिचित नसावे. सरोवराच्या काठी वाऱ्यावर डोलणाऱ्या पिवळ्या फुलांवरील त्याची लहानशी कविता पुष्कळांनी बाळपणी पाठ केलेली असते. परंतु कविता पाठ होणे निराळे आणि कवी समजणे निराळे. फुलापाखरांवर गोड गोड लिहिणारा एक निश्चिंत व सुखवस्तू गृहस्थ, असे काहीसे त्याचे चित्र लोकांच्या मनात राहून जाते. खरे पाहता हा मनुष्य तेराव्या वर्षी आईबापांवेगळा झालेला, तरुणपणी आशाभंगाने जवळजवळ मोडून गेलेला, आणि पुढे भाऊ व तीन लेकरे ह्यांच्या मृत्यूचे दुःख सोसलेला असा होता. डोंगर, पाणी व आकाश ह्यांचा मनुष्याच्या मनाच्या वाढीशी काही संबंध आहे काय, आणि असल्यास तो संकटाच्या दिवशी टिकतो काय, ह्या एका प्रश्नाचे उत्तर त्याने आपल्या सगळ्या आयुष्यातून शोधले. आमचे बहुतेक वाचक शेताच्या बांधावर किंवा डोंगराच्या पायथ्याशी राहणारे आहेत. तेव्हा हा प्रश्न त्यांस परका वाटणार नाही, अशा भरवशाने आम्ही हे चरित्र थोडक्यात सांगतो.

विल्यम वर्डस्वर्थ ह्याचा जन्म इंग्लंडच्या वायव्य भागात, कंबरलंड परगण्यातील कॉकरमथ ह्या गावी ता. ७ एप्रिल १७७० रोजी झाला. त्याचा बाप जॉन हा वकील असून त्या प्रांतातील एका बड्या जमीनदाराचा मुखत्यार होता. घराच्या मागून डरवेंट नदी वाहत असे, आणि तिचा आवाज पाळण्यात असल्यापासून आपल्या कानांत भरला, असे विल्यम पुढे मोठ्या कृतज्ञतेने सांगत असे. चार भाऊ व एक बहीण असा हा पाच भावंडांचा मेळा होता. बहिणीचे नाव डोरोथी. ती विल्यमहून पावणेदोन वर्षांनी धाकटी. ह्या दोघांचे एकमेकांवर लहानपणापासून विलक्षण प्रेम होते.

हे सुख फार दिवस टिकले नाही. १७७८ साली आई वारली. डोरोथीला दूर हॅलिफॅक्स गावी आईच्या नातलगांकडे पाठविण्यात आले, आणि त्यानंतर नऊ वर्षेपर्यंत बहीणभावांची भेट झाली नाही. १७७९ साली विल्यमला हॉक्सहेड येथील शाळेत घातले. तेथे तो ॲन टायसन नावाच्या एका साध्या, प्रेमळ बाईच्या घरी राहत असे. शाळेत लॅटिन व गणित चांगले शिकवीत. परंतु शाळा सुटली म्हणजे मुले मोकळी असत, आणि हॉक्सहेडच्या भोवती डोंगर, ओढे व सरोवरे ह्यांचा मोठा मुलूख पसरलेला होता. विल्यमची दुसरी शाळा तेथे भरे.

त्या दुसऱ्या शाळेची शिस्त कशी होती हे सांगण्यासारखे आहे. पोर खोडकर होते. रात्री डोंगरावर पाखरांसाठी फासे लावावयास ते जाई, आणि एखादे वेळी दुसऱ्याच्या फाशात सापडलेले पाखरू चोरून घेई. मग निर्जन टेकड्यांतून आपल्या मागे कोणाची तरी दबकी पावले वाजत आहेत असा त्याला भास होई. एका संध्याकाळी त्याने काठाला बांधलेली कोणाची तरी होडी गुपचूप सोडली व सरोवरात वल्हवीत नेली. तो जो जो पुढे जाई तो तो समोरच्या टेकडीमागून एक काळाकभिन्न डोंगर हळूहळू डोके वर काढू लागला. मुलाला वाटले, हा डोंगर जिवंत आहे आणि आपल्या पाठीस लागला आहे. थरथरत्या हातांनी त्याने होडी माघारी आणून जागच्या जागी बांधली. पुढे कित्येक दिवस त्याच्या मनात झाडे, समुद्र वा आकाश ह्यांची नेहमीची सुंदर चित्रे उमटेनात. काही अगडबंब, मुक्या आकृती मात्र मनात हिंडत राहिल्या. कोणी त्यास रागे भरले नव्हते, छडी मारली नव्हती. होडीच्या धन्यास तर पत्ताही नव्हता. तरी त्या मुलाला आपण काय केले हे कळले. मोठेपणी ह्या गोष्टीचा विचार करताना त्याला असे दिसून आले, की सौंदर्याने जसे आपल्याला वाढविले तसेच भीतीनेही वाढविले. निसर्ग हा लाड करणारी आजी आहे खरा, पण वेळप्रसंगी तो कडक पंतोजीही होतो.

१७८३ सालच्या नाताळाच्या सुटीच्या तोंडावर विल्यम व त्याचे भाऊ घरून येणाऱ्या घोड्यांची वाट पाहत होते. दिवस वादळी होता. विल्यम एका उंच खडकावर चढून दोन्ही रस्त्यांकडे डोळे लावून बसला. शेजारी एक मेंढरू, एक वठलेले काटेरी झाड, भोवती धुके. घोडे आले, मुले घरी गेली, आणि ता. ३० डिसेंबर रोजी बाप वारला. त्या खडकावरील वारा, ते मेंढरू व ते झाड ही त्याच्या मनात कायमची कोरली गेली. दुःख झाले म्हणजे तो मनाने पुन्हा पुन्हा तेथे जाई, आणि नवलाची गोष्ट ही, की त्या आठवणीने तो खचत नसे. त्याला बळ येई. आयुष्यात असे काही थोडे क्षण असतात, की जे विहिरीतील जिवंत झऱ्यासारखे वर्षानुवर्षे मनाला पाणी पुरवितात, हा त्याच्या विचाराचा गाभा येथे उगम पावला.

बापाच्या मागे मुलांची स्थिती कठीण झाली. ज्या जमीनदाराची त्याने इतकी वर्षे चाकरी केली त्याच्याकडे चार हजार पौंडांहून अधिक रक्कम येणे होती. त्या मनुष्याने मरेपर्यंत ती दिली नाही. १८०२ साली तो मेला, तेव्हा त्याच्या वारसाने ते देणे व्याजासह फेडले. मधली एकोणीस वर्षे मुलांनी चुलत्यामामांच्या उपकारांवर काढली. १७८७ साली विल्यम केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजात गेला. तेथील परीक्षांच्या चढाओढीत त्याचे मन रमले नाही. १७९० च्या उन्हाळ्यात अभ्यास टाकून तो रॉबर्ट जोन्स ह्या मित्राबरोबर फ्रान्स व स्वित्झर्लंड देशांत पायी फिरावयास गेला. आल्प्स पर्वत ओलांडण्याच्या क्षणाची दोघांनी मोठी आस धरली होती. सिंप्लन घाटात ते वाट चुकले, आणि एका शेतकऱ्यास विचारता त्यांस कळले, की आता वाट उताराची आहे. आल्प्सचा माथा त्यांनी नकळत मागेच टाकला होता! त्या वेळी त्यांची मोठी निराशा झाली. परंतु पुढे वर्डस्वर्थाने ह्यातून असा बोध घेतला, की डोळ्यांनी पाहिलेल्या पर्वतापेक्षा मनाने अपेक्षिलेला पर्वत मोठा असतो, आणि मनुष्याच्या अंतःकरणाची ही अपुरी राहणारी भूकच त्याच्या थोरपणाची खूण आहे.

त्या काळी फ्रान्स देशात राज्यक्रांती झाली होती. जुलूम संपला, आता माणूस माणसासारखा वागणार, अशी तरुणांची उमेद होती. १७९१ च्या अखेरीस वर्डस्वर्थ पुन्हा फ्रान्सला गेला. तेथे मिशेल बोप्युई नावाच्या एका थोर मनाच्या सेनाधिकाऱ्याशी त्याचा स्नेह जमला. एकदा रस्त्याने जाताना त्यांस एक उपाशी, हाडे निघालेली मुलगी आपली कालवड दोरीने धरून चारताना दिसली. तिच्याकडे बोट करून बोप्युईने सांगितले, की आमची लढाई ह्या हालांविरुद्ध आहे. हे दृश्य वर्डस्वर्थ कधी विसरला नाही. डोंगरांवरील प्रेमातून गरीब माणसांवरील प्रेमाकडे त्याचे मन वळले ते ह्या दिवसांत.

ह्याच दिवसांतली दुसरी एक गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. फ्रान्समध्ये ॲनेट वॅलन नावाच्या तरुणीवर त्याचे प्रेम बसले, आणि लग्न झाले नसता १७९२ च्या डिसेंबरात त्यांस कॅरोलाइन नावाची मुलगी झाली. पैसा संपल्यामुळे वर्डस्वर्थ त्याच महिन्यात इंग्लंडास परतला, आणि १७९३ च्या फेब्रुवारीत दोन्ही देशांत युद्ध जुंपले. आपली लेक त्याने प्रथम पाहिली ती १८०२ साली, तहाच्या अल्प काळात, कॅले बंदराच्या किनाऱ्यावर. त्या वेळी ती नऊ वर्षांची होती. तिच्या लग्नानंतर १८१६ पासून तो तिला दर साल ३० पौंड देत असे. घरच्यांस हे सर्व ठाऊक होते, परंतु जगाला विसाव्या शतकापर्यंत कळले नाही. त्या मायलेकींच्या वाट्याला जे आले त्याची भरपाई कोणत्याही सुंदर कवितेने होत नाही. टाकलेल्या बायका, वाट पाहणारी माता व बापाविना वाढणारी लेकरे त्याच्या कवितांत वारंवार येतात. त्याच्या मनाला कोणता काटा सलत होता हे वाचकांनीच ओळखावे.

इकडे फ्रान्समध्ये स्वातंत्र्याच्या नावाने रोज माणसांची डोकी उडू लागली. ज्या आशेवर ह्या तरुणाने सर्व मन लावले होते ती रक्ताने माखली. तेव्हा त्याने निव्वळ तर्काचा आधार घेऊन पाहिला. न्याय काय, अन्याय काय, कर्तव्य कोणते, ह्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा तो बुद्धीकडे मागू लागला. पुरावा काही मिळेना, आणि अखेरीस बरेवाईट ठरविण्याचा नादच त्याने थकून सोडून दिला. मनुष्याच्या आत्म्याची ह्याहून वाईट अवस्था आम्हांस ठाऊक नाही. आपल्या गावांतही चांगल्या कामात फसगत झालेले तरुण ह्या वाटेने जाताना आम्ही पाहतो.

त्यातून तो वर कसा आला? १७९५ साली रेझली कॅल्व्हर्ट नावाचा एक तरुण मित्र क्षयाने वारला, आणि त्याने मृत्युपत्रात वर्डस्वर्थास ९०० पौंड ठेविले, ते एवढ्यासाठी, की त्याने पोटाची काळजी न करिता लिहावे. त्या पैशावर विल्यम व डोरोथी ही दोघे नैर्ऋत्य इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात रेसडाऊन येथे एका घरात राहावयास गेली. बागेत कोबी लावावी, सरपण फोडावे, मैलच्या मैल चालावे असा त्यांचा क्रम होता. डोरोथीची नजर विलक्षण होती. पानावरील थेंब, धुक्यातील मेंढरू, भिकाऱ्याच्या अंगावरील ठिगळ ह्यांतले काहीच तिच्या डोळ्यांतून सुटत नसे, आणि ती ते आपल्या रोजनिशीत साध्या शब्दांत लिहून ठेवी. हरवलेली दृष्टी बहिणीने परत दिली, असे तो आयुष्यभर म्हणत असे. त्याच सुमारास सॅम्युएल टेलर कोलरिज ह्या अत्यंत बुद्धिमान कवीशी त्याचा स्नेह जडला. म्हणजे त्याला निसर्गाने बरे केले हे खरे असले तरी निसर्गाने एकट्याने बरे केले नाही. मृत मित्राचे औदार्य, बहिणीची माया व सख्याचा विश्वास ही तिन्ही त्या औषधात मिसळलेली होती.

१७९८ साली दोघा मित्रांनी मिळून एक लहानसे पुस्तक नाव न घालता छापले. त्यात २३ कविता होत्या. १९ वर्डस्वर्थाच्या व ४ कोलरिजच्या. इंग्रजी काव्याच्या इतिहासात हे पुस्तक नव्या युगाचा आरंभ समजले जाते, आणि त्या युगास रोमँटिक काव्याचे युग असे नाव आहे. त्यापूर्वीची कविता बहुतांशी शहरी, घोटीव व अलंकारांनी जडलेली असे. १८०० सालच्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत वर्डस्वर्थाने असे प्रतिपादन केले, की खेड्यातील साध्या माणसांचे जीवन व त्यांची नित्याची भाषा ही काव्यास पुरेशी आहे. कारण मातीशी व ऋतूंशी ज्यांचा रोजचा संबंध असतो त्यांच्या भावना अधिक खऱ्या व टिकाऊ असतात. भावनेचा पहिला लोंढा ओसरल्यावर शांतपणे बसून ती पुन्हा आठवावी, तेव्हा काव्य जन्मते, असाही त्याचा अनुभव होता. टीकाकारांनी ह्या मताची पुष्कळ थट्टा केली.

पहिल्या आवृत्तीतील शेवटची कविता विशेष महत्त्वाची आहे. वाय नदीच्या खोऱ्यात, टिंटर्न येथील पडक्या मठाच्या वरच्या बाजूस, तो पाच वर्षांनी पुन्हा गेला होता. कवितेवर ता. १३ जुलै १७९८ अशी तारीख आहे. चालता चालता त्याने ती सगळी मनात रचली व ब्रिस्टल गावी पोहोचल्यावर कागदावर उतरविली. तीत त्याने आपल्या मनाच्या वाढीच्या पायऱ्या दाखविल्या आहेत. लहानपणी निसर्ग म्हणजे नुसता हुंदडण्याचा आनंद. तारुण्यात तो एक वेड. रंग, आकार व आवाज ह्यांची न भागणारी तहान. पुढे मनुष्य दुःख पाहतो, आणि मग त्याच डोंगरपाण्याकडे पाहताना त्यास मानवजातीच्या वेदनेचा एक गंभीर, मंद सूर ऐकू येऊ लागतो. सर्व वस्तूंमधून व आपल्या मनामधूनही एकच शक्ती वाहते आहे असे वाटते. पहिली उडी गेली, परंतु तिच्या बदल्यात काही अधिक मोलाचे मिळाले, असा त्या कवितेचा भाव आहे. निसर्गावर जीव लावणाऱ्याची शेवटी फसगत होत नाही, हा भरवसाही त्याने तेथे उघड बोलून दाखविला. हा भरवसा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण त्याची कसोटी पुढे होणार होती.

त्याच वर्षीचा हिवाळा बहीणभावांनी जर्मनीत गोस्लार येथे घालविला. थंडी भयंकर, भाषा येत नाही, ओळखीचे कोणी नाही. अशा कोंडवाड्यात त्याला बाळपणचे डोंगर आठवू लागले, आणि आपल्या मनाची वाढ कशी झाली हे सांगणाऱ्या एका दीर्घ काव्यास त्याने आरंभ केला. १७९९ च्या डिसेंबरात दोघे मायदेशी सरोवरांच्या मुलुखात, ग्रासमीर येथील एका लहान घरात कायमची राहावयास आली. ते घर पूर्वी खाणावळ होते. आज ते डव्ह कॉटेज ह्या नावाने प्रसिद्ध आहे. १८०२ च्या ऑक्टोबरात वर्डस्वर्थाने बाळपणची मैत्रीण मेरी हचिन्सन हिच्याशी लग्न केले. त्यांस पाच मुले झाली.

ग्रासमीरच्या वास्तव्यात त्याने जी माणसे काव्यात आणली ती आमच्या वाचकांच्या ओळखीची निघतील. मायकेल नावाच्या म्हाताऱ्या धनगराची गोष्ट घ्या. वडिलोपार्जित रान पुतण्याच्या जामिनकीपायी जाऊ लागले, तेव्हा ते वाचावे म्हणून त्याने एकुलता मुलगा शहरात कमाईला पाठविला. जाण्यापूर्वी त्याने मुलाच्या हाताने नव्या मेंढवाड्याचा पहिला धोंडा बसवून घेतला. शहरात मुलगा बिघडला व परदेशी पळून गेला. म्हातारा त्यानंतरही वर्षानुवर्षे त्या अर्ध्या भिंतीपाशी जाई, आणि कित्येकदा एकही धोंडा न उचलता तसाच बसून राही. किंवा त्या जळवा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट. वैद्यांस लागणाऱ्या जळवा तो डबक्यांतून धरून विकी. त्या कमी झाल्या तरी तो न कुरकुरता रानोमाळ भटके. पुढच्या दिवसांच्या चिंतेने ग्रासलेल्या कवीला ह्या वाकलेल्या मनुष्याने धीर दिला. असा मनुष्य विल्यम व डोरोथी ह्यांस १८०० साली रस्त्यात खरोखरच भेटला होता, हे डोरोथीच्या रोजनिशीवरून कळते. त्या पिवळ्या फुलांचीही तीच कथा. ता. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी दोघांनी ती पाहिली. डोरोथीने तेव्हाच त्यांचे वर्णन लिहून ठेविले. कविता झाली ती सुमारे दोन वर्षांनी, आणि तीतील दोन उत्तम ओळी पत्नी मेरीने सुचविल्या होत्या. फुले पाहिली त्या वेळी आपल्याला काय लाभ झाला हे कळले नाही. ते कळले पुढे, एकांती, उदास होऊन पडलो असता ती मनापुढे नाचू लागली तेव्हा, हा त्या लहान कवितेचा खरा अर्थ आहे.

आता त्या कसोटीची हकीकत. विल्यमचा धाकटा भाऊ जॉन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत जहाजाचा कप्तान होता. तो अबोल, परंतु फार हळव्या मनाचा. १८०० साली ग्रासमीरला येऊन तो आठ महिने राहिला होता. हिंदुस्थान व चीन ह्यांच्या सफरींत चार पैसे मिळवावे, म्हणजे विल्यमला निर्वेधपणे लिहिता येईल, आणि मग आपणही ग्रासमीरलाच येऊन राहावे, असा त्याचा बेत होता. १८०५ च्या आरंभी त्याचे 'अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी' हे जहाज बंगाल व चीनकडे जावयास निघाले. इंग्लंडचा किनाराही दृष्टीआड झाला नव्हता, तोच वाटाड्याच्या चुकीने ते पाण्यातील खडकाळ उंचवट्यावर आदळले, आणि ता. ५ फेब्रुवारीच्या रात्री वेमथजवळ बुडाले. जहाजावर सुमारे ४०० माणसे होती. त्यांपैकी २५० हून अधिक मेली. कप्तान आपल्या जागेवरून हलला नाही. तोही बुडाला.

निसर्ग दगा देत नाही असे जो म्हणाला होता त्याच्या भावाला समुद्राने गिळले. ह्या आघाताने वर्डस्वर्थाचे लिखाण थांबले. पुढे त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याने आपले आत्मचरित्रपर काव्य कसेबसे पुरे केले. दुसऱ्या वर्षी, वादळात सापडलेला एक किल्ला व एक गलबत ह्यांचे चित्र पाहून त्याने एक शोकगीत लिहिले. पूर्वी आपण तो समुद्र शांत, निळा व हसरा रंगविला असता. आता तसे करणे शक्य नाही, असे त्यात त्याने कबूल केले आहे. पण त्याच वेळी असेही म्हटले आहे, की ह्या दुःखाने आपले मन अधिक माणसाळले; आणि जो मनुष्य इतरांच्या दुःखापासून दूर, आपल्याच स्वप्नात आनंद मानून राहतो त्याचा आनंद आंधळा आहे. आमच्या मते हे छोटे गीत त्याच्या सर्व काव्याची गुरुकिल्ली आहे. डोंगरांनी त्याला वाढविले, परंतु वाढून तो जेथे पोहोचला तेथे डोंगर पुरे पडेनात. तेथे सहनशीलता, इतरांविषयी कळवळा आणि परमेश्वरावरील भरवसा ह्यांची गरज लागली. त्याने निसर्गावरचे प्रेम सोडले नाही. मात्र निसर्गाकडे देवाचे काम मागणे सोडले.

दुःखे तेवढ्यावर थांबली नाहीत. १८१२ च्या जूनमध्ये तीन वर्षांची कॅथरिन, आणि डिसेंबरात सहा वर्षांचा टॉमस अशी दोन लेकरे एकाच वर्षात गेली. ज्या घरातून ग्रासमीरचे कबरस्तान दिसे तेथे राहणे आईबापांस असह्य झाले. १८१३ साली ती मंडळी जवळच्या रायडल गावी गेली, आणि शेवटपर्यंत तेथेच राहिली. त्याच साली वर्डस्वर्थास वेस्टमरलंड परगण्यात स्टांपांच्या वाटपाची सरकारी नोकरी मिळाली. तरुणपणी क्रांतीचा कैवारी असलेला हा कवी म्हातारपणी जुन्या रूढींचा व राजसत्तेचा पक्षपाती झाला, म्हणून त्याचे अनेक तरुण चाहते त्याच्यावर रुष्ट झाले. त्यांची तक्रार सर्वस्वी खोटी होती असे आम्हांस म्हणवत नाही. १८४३ साली तो इंग्लंडचा राजकवी झाला. पुढल्याच वर्षी विंडरमीरपर्यंत आगगाडी आणण्याचा बेत निघाला, त्यास त्याने जोराचा विरोध केला. गिरणीतल्या मजुरांनी सरोवरे पाहूच नयेत काय, असा प्रश्न लोकांनी त्यास केला, आणि तो रास्तच होता. परंतु सुंदर भूमी ही एकट्या जमीनदाराची मत्ता नसून जो कोणी डोळे उघडून पाहील त्या सर्वांचा तीत वाटा आहे, ही कल्पनाही त्यानेच आपल्या प्रवासवर्णनात मांडली होती. त्या बीजाचे पुढे झाड झाले. अशा भूमीच्या रक्षणासाठी १८९५ साली इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट ही संस्था निघाली, आणि तिच्या संस्थापकांत ह्याच मुलुखातील एक पाद्री, कॅनन रॉन्सली, हे होते. १९५१ साली सरोवरांचा तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, व २०१७ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला.

त्याची चालण्याची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. टॉमस डी क्विन्सी ह्या लेखकाने हिशेब केला होता, की ह्या मनुष्याने आयुष्यात पावणेदोन लक्ष मैलांहून कमी चाल केली नसेल. प्रिय कन्या डोरा १८४७ साली वारली, तेव्हा मात्र म्हाताऱ्याचा जीव खचला. डोरोथीचे मन १८३५ च्या सुमारास आजाराने दुबळे झाले होते; ती त्याच घरात पुढे वीस वर्षे जगली, आणि भावाने व वहिनीने तिची सेवा कधी टाळली नाही. ता. २३ एप्रिल १८५० रोजी वर्डस्वर्थाने देह ठेविला. मनाच्या वाढीचे ते मोठे काव्य त्याने जवळजवळ पन्नास वर्षे हातात घोळविले होते, पण आपल्याविषयी इतके लिहिणे बरे दिसेल की नाही ह्या संकोचाने ते छापले नव्हते. त्याच्या मरणानंतर काही महिन्यांतच पत्नीने त्यास नाव देऊन ते प्रसिद्ध केले.

त्याच्या कवितेने कोणाचे काय भले झाले, असे विचारणाऱ्यास एकच उदाहरण पुरे. जॉन स्टुअर्ट मिल हा प्रसिद्ध तत्त्ववेत्ता, ज्याने लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत पस्तीस वर्षे नोकरी केली, त्याला बापाने अगदी बाळपणापासून केवळ बुद्धीच्या खुराकावर वाढविले होते. विसाव्या वर्षी त्याचे मन एकाएकी कोरडे पडले. कशातच गोडी वाटेना. १८२८ साली त्याने वर्डस्वर्थ वाचला, आणि सुकलेल्या जमिनीत ओल यावी तसे त्यास झाले. हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. आपल्या महाराष्ट्रातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या हाती ह्या काळच्या इंग्रज कवींची पुस्तके पडली, आणि केशवसुतांसारख्या कवीने त्या वाऱ्याने मराठी काव्याची दारे उघडली. फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांस सारा महाराष्ट्र ओळखतो ते रेव्ह. नारायण वामन टिळक, आणि अहमदनगरास त्यांच्या घरी लेकरासारखे राहिलेले बालकवी ठोमरे, ह्यांच्या कवितांत झाडाफुलांस जो जिव्हाळा मिळाला तो ह्याच नव्या दृष्टीचा भाऊबंद आहे.

आता वाचकहो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? ज्यांच्या पदरी मुले आहेत, व ज्यांच्या हाती गावची शाळा आहे, त्यांस आमची एक विनंती आहे. मुलास पुस्तक अवश्य द्या; पण त्यास रानात, नदीवर, टेकडीवर जाण्याचीही मोकळीक द्या. तेथे त्यास काय मिळाले ह्याची परीक्षा घेऊ नका. त्याचे त्यालाही ते वीस वर्षांनी कळेल. आणि ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू येऊन गेला आहे त्यांस शेत व डोंगर पाहून लगेच बरे वाटेल, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. वर्डस्वर्थासही तसे बरे वाटले नव्हते. त्याने रडून घेतले, घरच्यांस धरून राहिला, आणि मग हळूहळू पुन्हा त्याच वाटांनी चालू लागला.

ग्रासमीरच्या चर्चच्या आवारात त्याच्या देखरेखीखाली लावलेली आठ यू झाडे आहेत. त्यांपैकी एकाच्या सावलीत तो पुरलेला आहे. जवळच डोरा, डोरोथी, मेरी व ती दोन लहान लेकरे आहेत. दगडावर राजकवी म्हणून काही लिहिलेले नाही; साधे नाव व साल आहे. शेजारून रॉथे नावाची नदी वाहते.